पळताना पडलेले वडे

आमच्या घरात 'वडा' हा शब्द जपून वापरावा लागतो. रविवारची जेवणं आटोपलेली असतात, पाहुणे पानाला चुना लावत असतात आणि कोणीतरी भाबडेपणाने म्हणतं, "येताना वाटेत वडापाव खाल्ला, म्हणून फार भूक नव्हती." संपलं. बाबा आरामखुर्चीत सरळ होतात, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसतात. आई उठून स्वयंपाकघरात जाते; तिथे तिला काहीच काम नसतं. काका अडकित्ता खाली ठेवतो, कारण पुढे त्याला हरकती घ्यायच्या असतात. बाबा घसा खाकरतात आणि म्हणतात, "कर्जतला एकदा काय झालं..."

कर्जतला एकदा काय झालं ते आमच्या कुटुंबात सगळ्यांना पाठ आहे, फक्त प्रत्येकाला वेगळं पाठ आहे. सर्वांना मान्य असलेला मजकूर एका वाक्यात संपतो. आम्ही मुंबईहून मिरजेला निघालो होतो, कर्जतला बाबा वडे घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. यातल्याही 'सुटली' या क्रियापदाला काकाची हरकत आहे. त्याच्या मते गाडी सुटली नाही, बाबांनी ती सोडली.

वेळेवर सुटून वेळेवर पोचलेल्या गाडीची गोष्ट कोणी रंगवून सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. "सकाळी बसलो, दुपारी उतरलो, जागा मिळाली होती" यावर ऐकणारा काय म्हणणार? फार तर "बरं झालं" म्हणेल आणि हवापाण्याचा विषय काढेल. गोष्ट व्हायची तर काहीतरी चुकायला हवं, हरवायला हवं, निदान एखादी सुटकेस दुसऱ्याच्या सुटकेसशी बदलायला हवी. लोक रेल्वेच्या नावाने बोटं मोडतात, पण लग्नघरातल्या रात्री जागवायला रेल्वेने जेवढा माल पुरवला आहे तेवढा नाटकवाल्यांनीही पुरवलेला नाही.

कर्जत म्हणजे शनिवार-रविवारचं फार्महाऊस एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडं शास्त्र सांगतो. कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटर, पण मध्ये भोर घाट. चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. आमच्या चाळीचा जिना याहून कितीतरी उभा होता आणि त्यावरून आजी पाण्याची घागर घेऊन चढायची. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला हा चढ जड जातो. म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिच्या पाठीशी जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पैशाच्या बँकेशी त्यांचं काही नातं नाही. हे बँकर अडचणीत खरोखरच मागे उभे राहतात. लोणावळ्याला ते सुटतात, घाट उतरून परत येतात आणि पुढच्या गाडीला खांदा द्यायला तयार होतात.

आता हे बँकर लागेपर्यंत प्रवाशाने करायचं काय? वडा खायचा. कर्जतच्या वड्याच्या चवीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण मुंबईहूनच गाडीला दमदार इंजिन लागलं असतं, तर तो वडा आज कर्जतकरांनाच माहीत असता. घाट चढून गाडी लोणावळ्याला बँकर सोडायला थांबते आणि तिथे चिक्की हात जोडून उभी असते. महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण तीत इंजिनांची जुळवाजुळव करणाऱ्या शंटिंगवाल्यांचा वाटा किती, हे कोणी लिहीत नाही.

आमच्या घरात मात्र बँकर हा शब्द वेगळ्याच अर्थाने रुळला आहे. कोणी थापेबाजीच्या हद्दीवर पोचला की काका शांतपणे म्हणतो, "बँकर लागला." माझ्या मुलाने शाळेतल्या मॅचमध्ये आपण ८० धावा काढल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. हा वाक्प्रचार ज्या गोष्टीतून आला तिच्यामागे एकूण किती बँकर लागले, याचा हिशोब मी गेली काही वर्षं करतो आहे.

बाबांच्या तोंडची गोष्ट मी दर दशकात ऐकत आलो. माझ्या शाळेच्या दिवसांत ते कर्जतच्या फलाटावर 'चार पावलं' पळाले होते. कॉलेजात होतो तेव्हा अर्धा फलाट. माझ्या लग्नात, सासरच्या मंडळींसमोर, पूर्ण फलाट, तोही एका हातात वड्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली छागल घेऊन. निवृत्तीनंतर ते फलाट संपल्यावर उतरून खडीवरून पळू लागले. गेल्या दिवाळीत पळसदरी स्टेशन दिसू लागलं होतं. वडेही वाढत गेले. आधी चार होते, मग आठ, हल्ली डझन. किंमत मात्र दर वेळी कमी होत होत आता अशा ठिकाणी आली आहे की वडेवाल्यानेच बाबांना वर दोन पैसे दिले असावेत. एक गोष्ट कधीच बदलली नाही. वडे आम्हाला मिळाले नाहीत. ते पळताना पडले.

मुळात बाबा वड्यांना उतरले का, हा प्रश्न आजी शेवटपर्यंत विचारत असे. आमच्यापाशी खायला काही नव्हतं असं नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, दशम्या होत्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, फिरकीच्या तांब्यात पाणी. वळकटीच्या एका सुरळीत लोणच्याची बरणी आणि दुसऱ्यात, फुटलीच तर असू दे म्हणून, आणखी एक लोणच्याची बरणी. एवढं असताना मुलगा बाहेरचं खायला उतरतो हा आजीला आपल्या दशम्यांचा जाहीर अपमान वाटला. गाडी सुटल्यावर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "अगं बाई, राहिला की!" असं नव्हतं. "आता कळेल," असं होतं.

पण गाडीने वेग घेतला, पहिला बोगदा आला आणि आजीचा जीव पाखडायला लागला. त्या वेळच्या आमच्या डब्यातून पुढच्या-मागच्या डब्यात जायला वाट नव्हती. म्हणजे बाबा चढले असतील तरी लोणावळ्यापर्यंत कळायचं नाही, आणि नसतील चढले तरी नाही. पाऊण तासाची ही अवस्था. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "साखळी ओढा." दुसरे म्हणाले, "घाटात ओढायची नसते." मग साखळीखाली लिहिलेली सूचना एकाने मोठ्याने वाचली. दंडाचा आकडा आला तेव्हा डब्यात शांतता पसरली. आजीने विचारलं, "किती म्हणालात?" त्याने आकडा पुन्हा वाचला. आजी खाली बसली आणि मारुतिस्तोत्र म्हणू लागली. मारुती विनामूल्य होता.

काका तेव्हा कॉलेजात होता. त्याचं म्हणणं असं की बाबा मागच्या डब्यात नव्हेच, थेट बँकरवर चढले होते. इंजिनात ड्रायव्हरने त्यांना बसायला जागा दिली, चहा दिला, आणि घाटभर दोघांनी महागाईवर चर्चा केली. याला पुरावा काय, तर लोणावळ्याला बाबांच्या सदऱ्याला वंगणाचा डाग होता. बाबा हा डाग मान्य करतात. फक्त तो वंगणाचा नव्हता, तेलाचा होता असं म्हणतात. कसलं तेल हे सांगत नाहीत.

सगळ्यांत तपशीलवार आठवण मात्र आत्याची. बोगद्यात शिरताना वाजलेली शिट्टी, आजीच्या हातातली जपमाळ तुटून मणी बाकाखाली घरंगळलेले, लोणावळ्याला बाबांना पाहताच डब्यातल्या अनोळखी बायकांनी डोळ्यांना लावलेले पदर, हे सगळं ती असं सांगते की आताही ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. अडचण एवढीच, की आत्या त्या गाडीत नव्हती. ती मिरजेला स्टेशनवर आम्हाला घ्यायला आली होती. हे तिच्या लक्षात आणून दिलं तर ती दुखावते. "मी नसेन," ती म्हणते, "पण मला दिसतंय ना!"

राहिलो मी. मी सहा वर्षांचा होतो. मला दोनच गोष्टी आठवतात. बोगद्यातला मिट्ट काळोख आणि त्या काळोखात बाबांसाठी मी फोडलेला हंबरडा. पहिली गोष्ट पक्की. दुसरीबद्दल पुढे सांगतो.

दोन वर्षांपूर्वी करायला काही नव्हतं म्हणून मी ठरवलं, की हा प्रवास नेमका कधी झाला तेवढं तरी शोधून काढू. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या राज्यात जन्मलो आहोत, घरच्या एका प्रवासाची तारीख लावता येऊ नये?

पहिली साक्ष दिवंगत आजीची. ती नेहमी "थर्ड क्लासमधून जात होतो" असं म्हणायची. रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ साली बंद केला. म्हणजे प्रवास त्याआधीचा, म्हणजे मी तीन वर्षांचाही नव्हतो, म्हणजे माझा हंबरडा गेला. पण आजी घराण्यातल्या सगळ्या गाड्यांना, अगदी १९९० नंतरच्याही, थर्ड क्लासच म्हणत होती. तिच्या लेखी वर्ग बदलायला पाटी रंगवणं पुरेसं नव्हतं.

आजीचाच दुसरा पुरावा म्हणजे घाटात खिडकीतून बाहेर पाहताना तिच्या डोळ्यात कोळशाची कच गेली होती. इथे मात्र मी आजीला पकडलं. मुंबई-पुणे मार्गावर विजेची इंजिनं फार जुनी. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तीच विजेवर. घाटात कोळसा येणार कुठून? मग काकाने उलगडा केला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पुण्याहून मिरजेकडे मीटर गेज होतं. पुण्याला उतरायचं, हमालाशी घासाघीस करायची, वळकट्या मोजायच्या आणि छोट्या रुळावरच्या गाडीत बसायचं. तिथे कोळशाचं इंजिन होतं. आजीच्या डोळ्यातली कच खरी होती, फक्त ती दुसऱ्याच प्रवासात गेली होती आणि आजीने ती जपून आणून या गोष्टीत ठेवली होती. लोणच्याच्या जादा बरणीसारखी.

काकाचा पुरावा याच्या उलट. तो म्हणतो, बाकावर मऊ गादी होती, कारण वडे येणार नाहीत हे नक्की झाल्यावर तो त्या गादीवर आडवा झाला होता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या पातळ गाद्या आल्या त्या मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, म्हणजे १९७७ नंतर. कोट्यवधी पाठींची ही सोय एका मराठी माणसाने केली, आणि एवढ्या मोठ्या माणसाला आमच्या घरी वड्याच्या तंट्यात साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं. बाबा म्हणाले, "कसला फोम? लाकूड होतं. याची पाठच मऊ."

मग ऋतूचा वाद. बाबा म्हणतात मे महिना, सुट्टी होती, बाकाखाली हापूसची करंडी होती. काका म्हणतो पावसाळा, कारण खंडाळ्याला सगळे धबधबे कोसळत होते. घाटात मे महिन्यात धबधबे नसतात आणि मिरजेला नेण्यासारखा हापूस जुलैत नसतो. दोघांनी आपापली बाजू सोडली नाही. एकाने आंबा धरून ठेवला आहे, दुसऱ्याने धबधबा.

शेवटी बाबांनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून विजयी मुद्रेने एक पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर काढलं. ते छोटं, जाडसर, कातरलेलं तिकीट ज्यांनी हाताळलं आहे त्यांना त्याचा वासही आठवेल. एडमंडसन नावाच्या एका इंग्रज स्टेशनमास्तरने एकोणिसाव्या शतकात ही युक्ती काढली आणि जगभरच्या रेल्वेने ती दीडशे वर्षं वापरली. "हे घ्या, त्याच दिवसाचं तिकीट!" बाबा म्हणाले. काकाने ते हातात घेतलं आणि वकिली आवाजात विचारलं, "उतरल्यावर फाटकापाशी टीसी तिकीट काढून घ्यायचा. मग हे तुझ्याकडे कसं?" बाबा गप्प. "म्हणजे एकतर तू मिरजेला टीसीला चुकवून बाहेर पडलास..." बाबांनी तिकीट हिसकावलं. मी भिंग आणलं. तारखेवर नेमका कातरीचा दात बसला होता. आणि वर बारीक अक्षरांत जे छापलं होतं त्यावरून ते प्रवासाचं तिकीटच नव्हतं. फलाट तिकीट होतं. बाबा कोणाला तरी सोडायला कधीतरी गेले होते, त्याचं.

संशोधन इथे थांबलं.

मला आधी वाटायचं की एवढा गोंधळ आमच्याच घरात आहे. आता तसं वाटत नाही. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. १४ डबे, ३ इंजिनं, सुमारे ४०० निमंत्रित आणि २१ तोफांची सलामी. अंतरही २१ मैल, म्हणजे मैलाला एक तोफ. ही आकडेवारी पाठ्यपुस्तकात आहे. पण त्या चौदा डब्यांत आपले खापरपणजोबा बसले होते असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांवर विश्वास ठेवायचा तर काही खापरपणजोबा टपावर बसले असले पाहिजेत. माझ्या एका ठाणेकर मित्राच्या खापरपणजोबांना तर नाना शंकरशेठांनी स्वतः सरकून जागा दिली होती. चौथी सीट. मुंबईच्या लोकलमधली परंपरा इतकी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

कोकणातल्या मंडळींचं दुःख निराळं. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली १९९८ साली. तोवर त्यांच्याकडे एसटी होती, बोट होती, आणि दोन्हींत लागायचं. गाडीच्या गोष्टी निघाल्या की माझा रत्नागिरीचा मेहुणा इतकी वर्षं मुकाट सुपारी चघळत बसायचा. आता तो वचपा काढतो. मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावं लागतं. गणपतीच्या दिवसांत हे थांबणं अंमळ जास्तच होतं. "आमच्याकडे गाडीच नव्हती," तो म्हणतो, "आता आहे ती क्रॉसिंगला आहे." पण मला त्याच्याकडची सगळ्यांत आवडलेली गोष्ट एका ट्रक ड्रायव्हरची. कोकण रेल्वेवर भरलेले ट्रकच्या ट्रक मालगाडीवर चढवून नेतात. ड्रायव्हर आपल्याच ट्रकमध्ये बसलेला असतो. तो ड्रायव्हर म्हणाला होता, "साहेब, पहिल्यांदा बोगदा आला तेव्हा मी हॉर्न वाजवला आणि दिवे लावले. सवय!"

बाबांच्या गोष्टीला खरा धक्का बसला २७ जुलै २०१९ ला. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर माणसं आत, चहूकडे पाणी, आणि शेवटी सगळ्यांना बोटींतून सुखरूप बाहेर काढलं. आम्ही दिवसभर टीव्हीसमोर बसून होतो. बायामाणसं नावेत उतरताना पाहून आईने हात जोडले. बाबाही हळहळले, नाही असं नाही. पण संध्याकाळपर्यंत त्यांच्या हळहळीत एक वेगळा सूर मिसळू लागला. गाडी कोल्हापूरचीच, आमच्याच मार्गावरची, आणि कर्जतच्या अलीकडे! रात्री जेवताना ते म्हणाले, "यांच्याकडे हेलिकॉप्टरं होती. आम्हाला कोणी विचारलं होतं?" पुढचे दोन महिने त्यांनी गोष्ट सांगितली नाही. मग ऑक्टोबरात सांगितली, तेव्हा कर्जतच्या फलाटावर गुडघाभर पाणी होतं.

हल्ली माझा मुलगा म्हणतो, आजोबांचे दिवस गेले. मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ मध्ये सुरू झाली, तिला घाटात बँकर लागत नाही. दारं आपोआप मिटतात. खाणं जागेवर येतं. कोण उतरणार आणि कोण राहणार? मलाही क्षणभर वाटलं, की झालं, यापुढे लोक आठवण म्हणून चार्जिंगचा प्लग चालू होता की बंद हे सांगतील.

पण आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी मला धीर दिला. लेकीला सोडायला गेले, बॅग वर ठेवून द्यावी म्हणून डब्यात शिरले, बॅग ठेवली, नातवाचा गालगुच्चा घेतला, आणि दार मिटलं. फलाटावर त्यांची चप्पल. म्हणजे घातलेली नव्हे. डबा इतका चकचकीत होता की त्यांनी ती सवयीने बाहेर काढून ठेवली होती. पुढच्या थांब्यापर्यंत अनवाणी, दंड भरून, वातानुकूलित प्रवास घडला. ही गोष्ट जानेवारीत मी ऐकली तेव्हा चप्पल साधी होती. मार्चमध्ये ती कोल्हापुरी झाली. गेल्या आठवड्यात ती त्यांच्या वडिलांची शेवटची आठवण होती. मी घरी येऊन काकाला फोन केला. "लागला," काका म्हणाला.

आता आईचं सांगतो.

गोष्ट सुरू झाली की आई स्वयंपाकघरात का जाते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. ऐकून ऐकून कंटाळली असेल असं धरून चाललो होतो. संशोधनाचा सगळा पसारा गुंडाळल्यावर एका दुपारी ती शेंगा निवडत बसली होती, तेव्हा मी सहज म्हटलं, "आई, तू काहीच सांगितलं नाहीस. फोम होता की लाकूड?"

"लाकूड."

"आंबे?"

"करंडीत तुझ्या आजीच्या गोधड्या होत्या. जुलै होता. धबधबे होते."

"तुला इतकं नक्की कसं आठवतंय?"

"मी खिडकीत होते ना," आई म्हणाली.

इथे वाचकांना आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. गाडीत खिडकी बाबांची. लग्न झाल्यापासून. बाबांना सिग्नल बघावे लागतात. बाबांनी सिग्नल बघितला नाही तर गाडी सुखरूप पोचेल याची त्यांना खात्री वाटत नाही. त्यामुळे आठ वर्षं मुंबई-मिरज करूनही आईने भोर घाट पाहिला नव्हता. बाबांचा उजवा कान पाहिला होता.

"पण तेव्हा तर सगळे रडत होते," मी म्हटलं. "आजी, मी..."

"तू झोपला होतास. बोगद्यात जागा झालास, 'रात्र झाली का' विचारलंस आणि परत झोपलास."

माझा हंबरडा असा शेंगांच्या टरफलांत गेला.

"आणि बाबा? तुला काळजी नाही वाटली?"

आईने दाराकडे पाहिलं. बाबा बाहेर पेपरावर घोरत होते. "गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून मागे वाकून पाहिलं," ती हळूच म्हणाली. "हे चढले. शेवटच्या डब्यात. पळाले नाहीत की काही नाही. गाडी हलते आहे न हलते आहे एवढ्यात दांडी धरून आरामात चढले."

"मग तू आजीला सांगितलं का नाहीस?"

आईने चार शेंगा निवडल्या. "सांगितलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, ये मग इकडे, मुलाला मांडीवर घे. त्यांचं मारुतिस्तोत्र चाललं होतं, ते चालू दिलं. पाऊण तास तर होता."

भोर घाटाचा इतिहास वाचताना मला एक नोंद सापडली होती. या घाटाच्या कामाचं कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज १८५९ मध्ये आला आणि काही महिन्यांतच वारला. पुढचं काम त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, हाती घेऊन तडीला नेलं. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा त्यात पंचवीस बोगदे होते. ही हकिगत मी आईला सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, "तिला तरी खिडकी मिळाली का?"

मग मी शेवटचा प्रश्न विचारला, जो खरं तर चाळीस वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता. वडे खरंच पळताना पडले का?

"लोणावळ्याला हे डब्यात आले," आई म्हणाली, "तेव्हा हातात चिक्कीचा पुडा होता आणि मिशीला लसणाची चटणी. मी पदराने पुसली. तुझी आजी पाहील म्हणून."

हे सगळं बाबांना कळलेलं नाही. त्यांना आता ब्याऐंशीवं चालू आहे आणि येत्या मार्गशीर्षात भाच्याच्या लग्नात त्यांना ही गोष्ट मुलीकडच्यांना सांगायची आहे. तयारी सुरू आहे. हा अंक मी घरी येऊ देणार नाही. तेव्हा त्या जुलैच्या दिवशी कर्जतहून निघालेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यात तुमच्यापैकी कोणी असेल, आणि दारापाशी उभं राहून, सदऱ्याला घामाचा थेंब नसलेला, एकापाठोपाठ एक चार वडे खाणारा एक तरुण माणूस त्याने पाहिला असेल, तर त्याला हात जोडून विनंती आहे: कृपया कळवू नये.